डाव्या अंगाचं दूध

गौरीचा मोजणीवर भारी विश्वास. यवतमाळच्या भूमी अभिलेख कार्यालयात ती भूकरमापक होती. बांधावरून भाऊबंदकी पेटली की तिला बोलावणं यायचं. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलत, आज्या-पणज्याच्या शपथा घेत, आणि गौरी यंत्र लावून तीनदा मोजून एक आकडा सांगायची. तीनदा मोजायचं हा तिचा नियम होता. तिसऱ्यांदाही तोच आकडा आला की भल्याभल्यांना गप्प बसावं लागतं, असं ती म्हणे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आठवा सरत आला तशी ती रजा टाकून दारव्ह्याला आली. वडील वामनराव पोस्टातून निवृत्त झालेले, आई सुहासिनीबाई घर सांभाळणारी, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत तीन खोल्यांचं घर आणि मागं छोटंसं अंगण. नोव्हेंबर संपत होता. अंगणात सकाळचं ऊन यायचं आणि गौरी त्या उन्हात पाय सोडून बसायची. नवरा चारुदत्त यवतमाळला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. तो रविवारी येऊन जायचा.

या घरात गौरीच्या नावानं एक जुनी थट्टा होती. तीन वर्षांपूर्वी तिचा चुलतभाऊ अमर याच्या मुलाचं बारसं इथंच झालं. अमरच्या बायकोला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण सुहासिनीबाईंनी केलं होतं. बारशाला पाळण्यात मुलाच्या आधी वरवंटा ठेवतात. धुऊन, हळदकुंकू लावून, त्याला मुलासारखी कुंची घालतात. मूल दगडासारखं टणक निघावं, एवढाच त्यातला हेतू. मग बाया पाळण्याच्या दोन अंगांना उभ्या राहून मूल आणि वरवंटा दोन्ही खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात आणि शेवटी आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आत्या होती गौरी. लग्नाला दोन महिने झालेले, जड शालूत घामाघूम, भोवती बायांचा कल्ला. कुणीतरी तिच्या हातात कुंचीतलं गाठोडं दिलं आणि तिनं वाकून, कुर्रर्र करून, ठरलेलं नाव सांगितलं, सारंग. मान वर केली तर समोरच्या बाईच्या हातात बाळ रडत होतं. गौरीनं नाव सांगितलं होतं ते वरवंट्याला.

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘गौरीनं तं आपलं पह्यलं आजच घेतलं व माय!’’ म्हणत एका मावशीनं तिची ओटी भरली. गौरीही काही कमी नव्हती. तिनं वरवंटा मांडीवर घेऊन थोपटला, डाव्या अंगाला पदराखाली धरला, अंगाईचं सोंगही केलं. बाळाला तोलायचा काटा घरात होताच, अमरनं त्यावर वरवंटा तोलला. तीन किलो शंभर ग्रॅम भरला, त्याच्या मुलापेक्षा दोनशेनं जास्त. ‘‘ताईचं पोट्टं भरदार हाय,’’ तो म्हणाला. एकटी रामीबाई हसली नाही. ती बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायला यायची.

‘‘नाव देल्लं तं देल्लं,’’ ती म्हणाली. ‘‘ते आता वापस घेता येत नाई.’’

मग सारंग हे नाव बाद झालं. अमरच्या मुलाचं नाव नयन ठेवलं. वरवंटा स्वयंपाकघरात परत गेला आणि चटणी वाटायला लागला. तेव्हापासून अमरचा फोन आला की तो आधी विचारायचा, ‘‘ताई, पह्यल्याचं काय म्हणनं हाय?’’ आणि गौरी म्हणायची, ‘‘मजेत हाय. जेवते अन् झोपते.’’

गौरीच्या पायांना सूज आली होती, म्हणून सुहासिनीबाईंनी रामीबाईला बोलावून घेतलं. रामीबाई जवळच्या तांड्यावरची. सत्तरी ओलांडलेली, हातभर गोंदण, बोटं मात्र अजून पोरीसारखी चपळ. चाळीस वर्षांत दारव्ह्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली होती. तिनं गौरीचे पाय चोळले, कंबर चोळली आणि तेलाचा हात सहज पोटावर ठेवला. मग तो हात तिथंच थांबला.

‘‘कितवं हे?’’ तिनं विचारलं.

‘‘अवं, कितवं काय विचारता? पह्यलंच हाय,’’ सुहासिनीबाई म्हणाल्या.

रामीबाईनं हात उचलला नाही. तिनं डोळे मिटले होते. ‘‘पह्यलटकरनीचं पोट नाई हे, बाई. ही वाट चाललेली हाय.’’

‘‘मंग तुम्ही आमचा वरवंटा मोजून राह्यल्या वाटते!’’ सुहासिनीबाई हसल्या. गौरीही हसली. रामीबाईनं हात पुसले, कधी नाही ते चहाला नको म्हणाली आणि निघून गेली. म्हाताऱ्या माणसाचा अंदाज चुकतो कधी कधी, असं गौरीनं मनाशी म्हटलं आणि ती गोष्ट तिथंच सोडली.

नऊ महिने नऊ दिवस भरले त्या गुरुवारी सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. वामनरावांनी रिक्षा आणली. दवाखाना लहानसा होता, खाली औषधांचं दुकान आणि वर सहा खाटा. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी हातमोजे चढवले, तपासलं आणि सहज विचारलं, ‘‘पहिल्या वेळी किती वेळ लागला होता?’’

‘‘ही पहिलीच वेळ आहे,’’ गौरी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पुन्हा तपासलं. या खेपेला जास्त सावकाश.

‘‘ताई, इथं जुना टाका आहे. चांगला भरून आलाय, दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल.’’

‘‘कसला टाका?’’

‘‘बाळंतपणाचा.’’

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. गौरीनं आजवर एवढ्या जमिनी मोजल्या, पण ती सरकताना आजच पाहत होती. तिनं आईकडे पाहिलं. सुहासिनीबाई दारात थर्मास धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते गौरीनं कधी पाहिलं नव्हतं. पोटची पोर परकी वाटावी, तसं काहीतरी होतं ते.

‘‘आई, तुले तं माहीत हाय नं,’’ गौरी म्हणाली. ‘‘मी कधी...’’

पुढचं कळेनं तोडलं.

दोन कळांच्या मधे तिचं डोकं हिशोब करत राहिलं. तीन वर्षं. तीन वर्षांतला एकेक महिना तिच्याकडे होता. झरी जामणीच्या जंगलातल्या मोजण्या, मार्चअखेरची कामं, दर दिवाळीचे फोटो, हजेरीपटावरच्या सह्या. त्या तीन वर्षांत एक मूल मावेल एवढी फट कुठंच नव्हती. नऊ महिने म्हणजे काही हरवलेली पावती नव्हे. आणि तरी तिचं अंग मात्र सगळं ओळखून होतं. कधी श्वास धरायचा, कधी सोडायचा, कुठं जोर द्यायचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. नर्स दोनदा म्हणाली, ‘‘छान करून राह्यल्या ताई, अनुभव दिसून राह्यला.’’ तिला ते कौतुक वाटत होतं. गौरीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाराला दहा मिनिटं होती. गौरी खाटेच्या कडा धरून शेवटचा जोर लावत होती आणि तिला मूल रडल्याचं ऐकू आलं.

‘‘झालं?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही अजून,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘डोकं आलंय. लावा जोर.’’

रडणं डाव्या हाताला, अगदी उशीशी होतं. नवजात मुलाचं ते रडणं नव्हतं. ते समजत्या मुलाचं होतं, मुसमुसून, रुसल्यासारखं. नर्सनंही मान वळवून त्या बाजूला पाहिलं. तिथं सलाइनची दांडी आणि भिंत होती. मग बाळ बाहेर आलं, मोठ्यानं रडलं आणि ते दुसरं रडणं थांबलं.

मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. चेहरा थेट चारुदत्तचा. गौरीनं तिला छातीशी धरलं आणि तिला हुंदका फुटला. आनंद होता, खोटं कशाला सांगा, पोटभर आनंद होता. पण त्या आनंदाला खाली टेकायला जागा मिळत नव्हती.

चारुदत्त दुपारच्या एस.टी.नं पोचला. त्यानं मुलीला घेतलं, तिची नखं पाहिली, हसला. मग खाटेच्या पायथ्याशी लावलेला कागद वाचत उभा राहिला. त्यावर ‘दुसरी खेप’ असं लिहिलेलं होतं.

‘‘गौरी,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘हे काय आहे?’’

‘‘मला माहीत नाही.’’

‘‘मला खरं सांगितलंस तरी चालेल.’’

‘‘खरंच माहीत नाही, चारू.’’

त्यानं मान हलवली. विश्वास ठेवल्याची नव्हती ती. मग तो पेढे आणायला म्हणून खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

तिसऱ्या दिवशी गौरी घरी आली. मधल्या खोलीत बाळंतिणीची खाट, खाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, खोबऱ्याचे लाडू. सुहासिनीबाई सगळं करत होत्या, कशात कमी नव्हती, पण त्या गौरीच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. मुलगी उजव्या अंगाला चांगली प्यायची. डाव्या अंगाला लावली की तोंड फिरवायची, मुठी आवळायची, काळीनिळी होईपर्यंत रडायची. डावी बाजू दुधानं भरून दगड झाली. शेकून, पिळूनही फरक पडेना. ठणक्यानं गौरीला ताप भरला.

पाचव्या दिवशी खोलीत पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा झाली. पूजा आटोपल्यावर वामनराव पाटा उचलू लागले, तर सुहासिनीबाई म्हणाल्या, ‘‘राहू द्या. बारशाले लागतेच.’’ पाटा भिंतीशी राहिला. वरवंटा खाटेच्या डाव्या अंगाला, उशीपासून हातभर अंतरावर उभा करून ठेवला.

सहाव्या दिवशी दुपारी गौरी झोपून उठली तर ठणका थांबला होता. डावी बाजू मऊ, हलकी, रिकामी. कपडे कोरडे होते, उशी कोरडी होती. मुलगी उजव्या हाताला तिच्या दुपट्यात गाढ झोपलेली. गौरीला एवढं बरं वाटलं, की दूध गेलं कुठं हा प्रश्न तिला संध्याकाळपर्यंत पडला नाही. सातव्या दिवशी पुन्हा तेच झालं. आठव्या दिवशीही.

आठव्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई अर्पिता वजन घ्यायला आली. झोळीचा काटा तिनं दाराच्या कडीला अडकवला आणि मुलीला झोळीत ठेवलं. पाचव्या दिवशी दोन किलो आठशे होतं. आज दोन किलो साडेपाचशे.

‘‘आधी थोडं उतरते, पण आता वाढाले पायजे होतं,’’ अर्पिता म्हणाली. ‘‘ताई, पोटभर पाजता नं?’’

‘‘दर दोन घंट्यानं पाजते.’’

‘‘मंग जाते कुठं?’’

दहाव्या दिवशी दोन किलो चारशे भरलं. मुलीच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती, रडण्यात जोर उरला नव्हता. वरचं दूध वाटी-चमच्यानं घातलं तर घोटभरही पोटात राहत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, उद्यापर्यंत वाढलं नाही तर यवतमाळला भरती करा, उशीर करू नका. टाका, कागद, चारूची ती मान, सगळं एकदम क्षुल्लक वाटायला लागलं. ही पोर जगली पाहिजे, बस्स. याच्यापलीकडे तिला आता काही नको होतं.

त्या दिवशी रामीबाई मालिशला आली. तिनं मुलीला पायांवर आडवी घेतली, तेल लावता लावता तिच्या छातीच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं.

‘‘डावं घेत नाई नं ही?’’

‘‘नाई. पन दुपारी निजून उठली का डावं खाली झालेलं राह्यते.’’ गौरी म्हणाली. ‘‘मावशी, कोन पिते?’’

रामीबाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, कीव होती.

‘‘डावं मोठ्याचं हाय. तूच देल्लं होतं नं त्याले, बारशाच्या दिवशी? पदराखाली घेऊन.’’

‘‘ती तं गंमत होती.’’

‘‘तुही गंमत. त्याची तं मायच हाय तू.’’ तिनं मुलीच्या अंगावर हलकेच पाणी घातलं. ‘‘तीन वर्सं उपाशी राह्यला तो, बाई. आता डाव्यानं त्याचं भागत नाई. हिच्या आंगातलं ओढून राह्यला.’’

रामीबाई गेल्यावर गौरी उठली. बाळंतिणीनं जड उचलू नये, पण तिनं कुणाला हाक मारली नाही. अर्पितानं काटा कडीलाच ठेवला होता. गौरीनं वरवंटा दोन्ही हातांनी उचलला, झोळीत ठेवला आणि काटा थांबेपर्यंत वाट पाहिली.

तीन किलो पाचशे.

तिनं उतरवला. काटा शून्यावर आणला. पुन्हा ठेवला. तीन किलो पाचशे.

तिसऱ्यांदा ठेवला.

इकडे पाचव्या दिवसापासून चारशे ग्रॅम कमी. तिकडे अमरनं तोललं होतं त्यापेक्षा चारशे ग्रॅम जास्त. तीन वर्षं चटणी वाटून वरवंटा झिजायला हवा होता.

गौरीनं तो उचलला आणि अंगणात नेला. पाण्याच्या टाकीच्या मागं, नजरेआड, ओल्या मातीत ठेवला. मागचं दार लावलं, कडी घातली. मग येऊन मुलीला घेतलं आणि उजव्या अंगाला लावलं.

दूध येईना.

मुलगी ओढत राहिली, दमली, रडली, पुन्हा ओढली. गौरीनं दाबून पाहिलं. एक थेंब नाही. डावं पाहिलं. तेही कोरडं. सकाळी भरलेली दोन्ही अंगं लग्नाआधीसारखी रिकामी झाली होती. सुहासिनीबाई धावत आल्या. त्यांनीही पाहिलं आणि तोंडावर पदर धरला.

‘‘काय केलं व तू?’’

‘‘वरवंटा बाहेर ठेवला.’’

वामनराव बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. मागच्या दाराकडे सगळं शांत होतं. मुलीचं रडणं हळूहळू बारीक झालं आणि मग नुसता तिचा ओठ हलत राहिला.

‘‘आन त्याले घरात,’’ सुहासिनीबाई म्हणाल्या. ‘‘आन वं पोरी. मी नाई विचारत तुले काही.’’

गौरीनं कडी काढली.

वरवंटा टाकीमागं नव्हता. तो दाराच्या उंबऱ्याशी होता, उभा, आतल्या बाजूला किंचित झुकलेला. टाकीपासून उंबऱ्यापर्यंत ओल्या मातीवर कसलीच खूण नव्हती.

तिनं तो उचलला. ऊन कलून तास झाला होता, हवेत गारठा होता. वरवंटा गरम होता. उन्हानं तापलेला दगड कसा असतो ते तिला ठाऊक होतं. ही ऊब तशी नव्हती. तापलेल्या मुलाच्या पाठीसारखी होती.

ती खाटेवर बसली. आईनं मुलीला उजव्या हाताला दिलं. बारशासाठी काढून ठेवलेली कुंची आईनंच आणली आणि वरवंट्याला घातली. नाडीही त्यांनी नीट बांधली. गौरीनं त्याला डाव्या अंगाला घेतलं. पदर ओढला.

तीन वर्षांपूर्वी तिनं हेच केलं होतं, भोवती बाया हसत होत्या तेव्हा.

‘‘सारंग,’’ ती म्हणाली. ‘‘ये. पी. बहिनीले बी पिऊ दे आपल्या.’’

दोन्ही अंगांना एकदम पान्हा फुटला.

उजवीकडे मुलगी घटाघट प्यायला लागली. गौरी तिच्याकडेच पाहत राहिली. डावीकडे पाहायची तिची हिंमत झाली नाही. पदराखाली काय चाललंय ते तिला अंगानं कळत होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कुणासाठी आहे हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अर्पितानं तोललं. दोन किलो साडेचारशे. ‘‘लागलं बाप्पा अंगाले!’’ ती म्हणाली. कुंचीतल्या वरवंट्याकडे पाहून ती हसली. ‘‘हे काय, बारशाची तयारी वाटते.’’

बाराव्या दिवशी बारसं झालं. चारुदत्तची बहीण अपेक्षा आत्या म्हणून आली होती. तिनं मुलीच्या कानात रेवा हे नाव सांगितलं आणि गौरीनं आधी तीनदा खात्री करून घेतली की तिच्या हातात मुलगीच आहे. अमरनं हसत विचारलं, ‘‘ताई, पह्यल्याचं काय म्हणनं हाय?’’ सुहासिनीबाईंनी त्याला जिलबी वाढली आणि म्हणाल्या, ‘‘तू जेव नं बापा गुपचूप.’’

बाया जेवायला बसल्या तेव्हा चारुदत्त पाळण्याशी आला. पाळण्यात कुंचीतलं एकच गाठोडं होतं. त्यानं ते उचलून खांद्याशी धरलं, थोपटलं आणि म्हणाला, ‘‘गौरी, हिला ताप आहे का गं? केवढी गरम लागतेय.’’

रेवा गौरीच्या मांडीवर होती.

चारुदत्तनं मांडीकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या कुंचीत पाहिलं. रसायनशास्त्राचा माणूस, त्यानं कुंचीवरून एकदा हात फिरवून पाहिला. त्यानं वरवंटा परत ठेवला. टाकला नाही, हळू ठेवला, डोक्याकडची बाजू आधी. त्या दिवसानंतर त्यानं दवाखान्यातल्या कागदाबद्दल कधीच विचारलं नाही.

सव्वा महिना झाला आणि गौरी यवतमाळला जायला निघाली. सुहासिनीबाईंनी ओटी भरली, डिंकाचे लाडू दिले, दुपटी बांधली. शेवटी कुंचीतला वरवंटा आणून त्यांनी गाडीत मागच्या सीटवर, उशांच्या मधे नीट बसवला.

‘‘आई, मंग तुम्ही चटणी कशानं वाटसान?’’ गौरीनं विचारलं.

‘‘मिक्सर हाय नं.’’ सुहासिनीबाई दुसरीकडे पाहत होत्या. ‘‘माह्याच्यानं आता त्याच्यावर नाई वाटवत.’’

दीड महिन्याच्या डोससाठी ते रेवाला यवतमाळच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. सकाळची वेळ, बाकांवर आया, भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं. वरवंटा घरी पाळण्यात होता. दरवाजा लावताना गौरी आत वळून ‘‘आलेच हं’’ असं म्हणाली होती आणि चारुदत्त किल्ली हातात धरून थांबला होता.

चारुदत्त इंजेक्शनचा कागद करायला गेला. सिस्टरनं रेवाला इलेक्ट्रिक काट्यावर ठेवलं. गौरीनं इथल्या डॉक्टरीणबाईंना हळूच सांगितलं की डाव्या बाजूला दुखतं, कपडा लागला तरी जीव जातो. त्यांनी पडदा ओढला आणि दिव्याखाली पाहिलं.

‘‘चावलंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे दात आहेत. वरची ओळ, खालची ओळ, पूर्ण उमटलीय.’’ मग त्यांनी कागदावर नजर टाकली. दारव्ह्याचा तो कागद फायलीत लागलेला होता. ‘‘मोठ्याला अजून पाजता का? किती वर्षांचा झाला?’’

‘‘तीन,’’ गौरी म्हणाली. तिच्या तोंडून ते सहज गेलं.

‘‘तीन म्हणजे खूप झालं हो. धाकटीच्या वाट्याचं जातं अशानं. आजपासून बंद करा. तोडा त्याचं अंगावरचं.’’

पडद्यापलीकडून सिस्टरचा आवाज आला. ‘‘मॅडम, ह्या काट्याले काय झालं पाहा बरं. आकडा ठरूनच नाई राह्यला.’’

गौरीनं पडदा सारला. रेवा काट्याच्या ताटात झोपली होती, मुठी उशाशी. हिरवे आकडे लुकलुकत होते. चार किलो दोनशे. चार किलो एकशे ऐंशी. चार किलो एकशे साठ. मुलगी हलत नव्हती, काट्याला कुणाचा हात नव्हता.

चार किलो एकशे चाळीस.

गौरीनं डावा हात पदराखाली नेला आणि त्या दातांच्या खुणांवर ठेवला.

‘‘नाही रे राजा,’’ ती पुटपुटली. ‘‘नाही तोडत. ऐकून घे, मी नाही तोडत.’’

आकडा थांबला. सिस्टरनं तो लिहून घेतला.